मुंबईतल्या जुन्या चर्चच्या जतनाचा आराखडा – सुरुवात कुठून करावी?

गावठाणकर

मुंबईत जुनं चर्च जपायचं म्हटलं की चर्चा रंगावर येऊन अडते. सणाच्या तोंडावर कंत्राटदार येतो, परांची चढते, चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक इमल्शन बसतं आणि पुढच्या श्रावणात त्याला फोड येतात. मग 'वॉटरप्रूफिंग'चं कोटेशन येतं. म्हणून हा धागा एखाद्या इमारतीच्या दुरुस्तीपुरता न ठेवता दहा-वीस वर्षांच्या नियोजनावर ठेवू या.

आपण एकाच प्रकारच्या इमारतींबद्दल बोलत नाही, हे आधी नोंदवतो. फोर्ट-कुलाब्यात दगडी अँग्लिकन चर्चं आहेत: सेंट थॉमस कॅथीड्रल (१७१८ च्या नाताळात खुलं झालं, १८३७ मध्ये कॅथीड्रलचा दर्जा) आणि अफगाण चर्च (१८५८, मनोरा १९८ फूट). वांद्र्याचं सेंट अँड्र्यू मूळ १५७५ चं, मात्र पुढे बरंच बदललेलं. भायखळ्याचं ग्लोरिया चर्च (सध्याची इमारत १९११-१३) आणि माउंट मेरी (सध्याची १९०४) त्यामानाने तरुण. आणि दादरचं पोर्तुगीज चर्च नावाने जुनं असलं तरी आजची इमारत चार्ल्स कोरियांची, १९७० च्या दशकातली काँक्रीटची. या सगळ्यांना एकच 'स्पेसिफिकेशन' लावलं तर निम्म्यांचं नुकसान ठरलेलं.

कायदा, पाणी, चुना, काच, पैसा, वेळापत्रक, ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्यावर लिहावं.

कलम_छत्तीस

परवानग्यांपासून सुरू करतो, कारण निविदा काढून झाल्यावर लोकांना त्या आठवतात.

बृहन्मुंबईत वारसा नियम १९९५ पासून आहेत. आता ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या नियम ५२ मध्ये आहेत. वारसा यादीतल्या इमारतींना श्रेणी असतात. श्रेणी एक म्हणजे इमारतीचं आयुष्य वाढवायला आवश्यक तेवढाच हस्तक्षेप, आतही आणि बाहेरही. दोन-अ मध्ये आतले बदल साधारणपणे चालतात, बाहेरचे छाननीतून जातात. दोन-ब मध्ये त्याच आवारात सुसंगत वाढीव बांधकाम काही परिस्थितीत होऊ शकतं. तीनमध्ये मोकळीक जास्त. प्रस्ताव महापालिकेमार्फत मुंबई वारसा संवर्धन समितीकडे जातो. 'आम्ही फक्त दुरुस्ती करतोय' म्हणून अर्जच न करणं ही नेहमीची चूक. कौलं काढून पत्रे घालणं, जुनी लादी उखडून ग्रॅनाइट बसवणं, आल्ताराच्या (वेदीच्या) मागची भिंत संगमरवराने मढवणं, या कशालाच दुरुस्ती म्हणत नाहीत.

दुसरा मुद्दा जमिनीचा. मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असेल तर विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा, या सगळ्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. आवारातला हॉल लग्नांसाठी दीर्घ मुदतीने देऊन दुरुस्तीचा पैसा उभा करू पाहणाऱ्यांनी हे आधी वाचावं. कॅथलिक पॅरिश (एका चर्चला जोडलेला भाविकसमुदाय) असेल तर धर्मप्रांताची मान्यता वेगळी.

वसई किल्ल्यातल्या चर्चच्या अवशेषांना हे नियम लागू नाहीत. ते केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिथे १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण.

पन्हळ

सगळ्यात आधी पाण्याचा हिशेब करा. वारसा समितीचं वगैरे त्यानंतर.

समजा छताचं क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर आहे. ताशी १०० मिमी पाऊस धरला तर तासाला ६०,००० लिटर पाणी खाली यायला हवं. १०० मिमी व्यासाचा एक उभा पाइप या वेगाच्या पावसात साधारण ४० चौरस मीटर छताचं पाणी नेतो. म्हणजे पंधरा पाइप हवेत. आता बाहेर जाऊन मोजा. बहुतेक ठिकाणी सहा ते आठ सापडतील, आणि त्यातले दोन पिंपळाच्या मुळांनी बुजलेले असतील. उरलेलं पाणी पन्हळीवरून मागे उलटतं आणि भिंतीच्या माथ्यात शिरतं. सागवानी कैचीचं (छत पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याचं) टोक नेमकं तिथेच भिंतीत बसवलेलं असतं. ते आतून कुजतं, वाळवी लागते आणि खालून पाहणाऱ्याला कैची ठणठणीत दिसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. पन्हळीची क्षमता सरासरी पावसावर काढायची नसते, ती याच कारणाने.

तपासणी कशी करायची: प्रत्येक कैचीच्या टोकाला ओलावामापक लावा. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल सतत राहत असेल तर बुरशीला पोषक वातावरण झालंच. संशय आला की रेझिस्टोग्राफने बारीक सुई घालून आतलं लाकूड तपासा. फक्त टोक गेलं असेल तर पूर्ण कैची बदलू नका. कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरकी सांध घालून जोडता येतो. आणि नव्या टोकाभोवती हवा खेळायला बोटभर फट ठेवा. गवंडी ती फट प्रेमाने सिमेंटने बुजवतो, तिथे उभं राहून अडवावं लागतं.

पन्हळ

वर लिहायचं राहिलं, रस्त्याची पातळी. शहराच्या नियोजनाचा खरा संबंध इथे येतो. जुन्या रस्त्यावर थरावर थर चढत गेले की रस्ता वर येतो आणि चर्चचा जोता खाली जातो. पावसाचं पाणी आवारातून रस्त्यावर जायचं ते रस्त्यावरून आवारात येऊ लागतं. मग पॅरिश काय करते, तर आवारातही पेव्हर ब्लॉक घालून पातळी वाढवते. भिंतीच्या पायाशी श्वास घ्यायला माती उरत नाही. ओल वर चढते आणि खिडकीच्या खालपर्यंत पांढरी क्षारांची रेघ दिसू लागते.

उपाय: भिंतीपासून ४५० ते ६०० मिमी पट्ट्यातलं काँक्रीट किंवा पेव्हर काढा. खडीचा चर करा, तळाशी भोकांचा पाइप, त्याला उतार, आणि पाणी साठवण टाकीत किंवा पर्जन्यवाहिनीत. चर पायाच्या तळापेक्षा खोल कधीही खणायचा नाही. आणि वॉर्ड ऑफिसला लेखी पत्र, की पुढच्या वेळी जुना थर खरवडूनच नवा घालावा. रस्त्याचं काँक्रिटीकरण होत असेल तर अंतिम पातळीचा नकाशा काम सुरू व्हायच्या आधी मागा. झाल्यावर मागून उपयोग नाही.

कळीचा_चुना

+१. पाणी थांबल्याशिवाय चुन्याचं काम करू नये. ओल्या भिंतीवरचा सर्वोत्तम गिलावाही पडतो आणि मग खापर चुन्यावर फुटतं.

दर्जा भरण्याबद्दल, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत मसाला भरण्याबद्दल (पॉइंटिंग). सिमेंटचा दर्जा दगडापेक्षा कठीण आणि वाफेला बंद. भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडायची ती दगडातून पडू लागते. समुद्राकाठचं मीठ दगडाच्या कातडीखाली साठतं, पापुद्रे सुटतात. मालाड किंवा कुर्ल्याचा दगड बराच काळ तग धरतो. पोरबंदरचा चुनखडी दगड मऊ, कोरीवकामासाठी वापरलेला, तो पिठासारखा झडतो. म्हणजे पहिलं नुकसान नेमकं नक्षीचं.

पद्धत:

सिमेंट काढायला ग्राइंडर वापरायचा नाही. चकती दगडाची कड कापते आणि सांधा कायमचा रुंद होतो. बारीक छिन्नी, हलका हातोडा. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, किमान २० ते २५ मिमी. मग ब्रशने धूळ, मग पाण्याची फवारणी. दगड कोरडा असेल तर तो चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि दर्जा पावडर होतो.

मसाला: कळीचा चुना टाकीत विरवून किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरवलेला. सुरुवातीचं प्रमाण १ चुना, १ सुरखी, २ धुतलेली वाळू. सुरखी कमी आचेवर भाजलेल्या विटांची हवी. कडक भाजलेल्या विटेची पूड म्हणजे नुसती लाल वाळू, ती चुन्याशी रसायन करत नाही. समुद्राची वाळू चुकूनही नको. चुन्याच्या घाण्यात किंवा मॉर्टर मिलमध्ये मळायचा, कोरडा ढीग करून वर पाणी मारायचं नाही.

जुन्या मसाल्याचा नमुना आधी प्रयोगशाळेत द्या. प्रमाण त्यावर ठरतं, माझ्या पोस्टवर नव्हे.

भरल्यावर ओलं गोणपाट, दिवसातून तीन-चार वेळा बारीक फवारा, किमान १४ दिवस. बहुतेक कामं इथेच बिघडतात, कारण तोपर्यंत परांची पुढे सरकवायची घाई झालेली असते. बिलाचा शेवटचा हप्ता क्युरिंगच्या नोंदवहीला बांधा.

रेमेडीकाठ

गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद हे सगळं घालायचं की नाही? वसईकडे अजून जुनी माणसं आग्रह धरतात.

कळीचा_चुना

गूळ-हिरड्याचं पाणी मर्यादित प्रमाणात घातलं तर मसाला हाताला मऊ येतो, पाणी कमी लागतं. पण जास्त झालं की घट्ट व्हायला उशीर लागतो आणि आपल्या दमट हवेत बुरशी येते. एकाच भिंतीवर चौरस मीटरचे तीन-चार नमुने करा, एक पावसाळा जाऊ द्या, मग ठरवा. 'पारंपरिक' शब्दासाठी दर वाढवून मागणारे कंत्राटदारही आहेत, सावध राहा.

आयात केलेला नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा) महाग असला तरी उंच मनोऱ्यावर, जिथे क्युरिंगला रोज माणूस चढवणं कठीण, तिथे मी त्याच्या बाजूने आहे. गर्भगृहाच्या भिंतीला आपला मुरवलेला चुना.

पाथरवट

एका गोष्टीवर असहमत. सगळीकडे दर्जा उकरायची गरजच काय? जुना चुना धरून असेल तर त्याला हात लावू नका. निविदेत '१०० टक्के रिपॉइंटिंग' लिहिलं की कंत्राटदार चांगलाही दर्जा काढतो, त्याला चौरस मीटरवर पैसे मिळतात. प्रत्येक बाजूचं रेखाचित्र करा, दगड न् दगड आखा, कुठे काय करायचं ते रंगाने दाखवा. बिल त्या चित्रावरून.

नव्या दगडाचं म्हणाल तर मालाड-कुर्ल्याच्या खाणी शहराने केव्हाच गिळल्या. पाडलेल्या जुन्या इमारतींचा दगड जुळवून घ्यावा लागतो. तेव्हा विभागात अशी इमारत पडत असेल तर दोन ट्रक दगड विकत घेऊन आवारात रचून ठेवणं हेही नियोजनच.

आणि लोखंडी आकडे. कॉर्निसचे, मनोऱ्याच्या टोकाचे दगड आतून लोखंडी आकड्यांनी बांधलेले असतात. गंजलं की लोखंड फुगतं आणि दगड आतून फोडतं. बाहेर एकच सरळ तडा दिसतो, त्यावर लोक पुट्टी फिरवतात. आधी धातुशोधकाने आकडे कुठे आहेत ते आखा. बदलताना ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील. समुद्राजवळ ३०४ टिकत नाही.

रंगीत_काच

खिडक्यांकडे कुणी वळलंच नाही. अफगाण चर्चच्या मोठ्या खिडक्यांच्या काचा विल्यम वेल्सच्या कार्यशाळेच्या, फरशी इंग्लंडहून आणलेल्या भौमितिक टाइल्सची. अशा वस्तू एकदा गेल्या की गेल्या.

काच सहसा स्वतःहून फुटत नाही. तिला धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या थकतात, आडव्या लोखंडी सळया गंजतात, खिडकीला पोट येतं. पोट थोडं असेल आणि पाणी येत नसेल तर नुसतं लक्ष ठेवा, दरवर्षी त्याच जागेवरून फोटो आणि दोरीपासून अंतराचं माप. वाढत असेल तरच पॅनल उतरवा. उतरवण्याआधी प्रत्येक पॅनलचं १:१ घासचित्र कागदावर घ्या आणि क्रमांक द्या.

सगळ्यात वाईट काय, तर दगड लागू नये म्हणून बाहेरून लावलेला पॉलीकार्बोनेटचा पत्रा, चारही बाजूंनी सिलिकॉनने बंद. मधली हवा तापते, रात्री पाणी सुटतं, शिसं आणि रंगकाम दोन्ही खराब होतात. संरक्षक काच लावायचीच तर मध्ये किमान २५ ते ५० मिमी अंतर आणि वर-खाली हवा जायला फट.

अवांतर: एसी. आत २४ अंश, बाहेर दमट ३२, तेव्हा काचेच्या बाहेरच्या अंगाला घाम फुटतो. वर स्प्लिट युनिटची नळी भिंतीतच सोडलेली. मला हा हट्टच कळत नाही. उंच छत आणि समोरासमोर दारं-खिडक्या असलेली इमारत हवा खेळवायलाच बांधलेली असते.

सॅक्रिस्टन

काचवाल्या ताईंना सांगायला हवं की चर्च हे संग्रहालय नाही. रविवारी चार-पाच मिस्सा (प्रार्थनाविधी), त्यात ऐंशीच्या आज्या. मे महिन्यात पंखा-एसी नको म्हणून कोण सांगणार त्यांना? शक्य तो मधला मार्ग काढा: लोक बसतात त्या पातळीवर मोठे मंद पंखे, आवाज कमी. पण ते कैचीला भोक पाडून टांगायचे नाहीत, पट्टा आवळून बसवायचे.

वेळापत्रकाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बाहेरचं काम जून ते सप्टेंबर बंद. माउंट मेरीचा सण ८ सप्टेंबरचा, जत्रा त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर, म्हणजे तिथे परांचीला ऑक्टोबरच उजाडतो. मग नाताळ, आणि नोव्हेंबरपासून लग्नांची रांग. आतलं काम करायला सोयीचा काळ लेंटचा (ईस्टरआधीच्या उपवासांचा), लग्नं जवळपास नसतात. पण पवित्र आठवड्याआधी मुख्य दालन मोकळं हवं. एकंदरीत वर्षाला छताला पाच-सहा महिने आणि आतल्या भागाला महिना-सव्वा महिना मिळतो. तीन वर्षांचं काम एका वर्षात बसवलं की क्युरिंगचे दिवस कापले जातात.

मेणबत्त्यांची काजळी हा वेगळा विषय, स्टँड बाहेर मंडपात नेणं हाच उपाय.

भूकंपमापी

शेजारी टॉवरचं खोदकाम किंवा मेट्रोचा बोगदा असेल तर काम सुरू होण्याआधी तुमची स्वतःची नोंद हवी. विकासकाचा सल्लागार करेल तेवढ्यावर थांबू नका.

भेगांवर मोजपट्ट्या लावा, शक्य असेल तर एक पूर्ण वर्ष आधी. पावसाळ्यात भेग मिटते आणि उन्हाळ्यात उघडते. ही हालचाल आधीपासून माहीत नसेल तर नंतर खोदकामावर बोट ठेवता येत नाही. कंपनांसाठी जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ वापरलं जातं: संवेदनशील वारसा इमारतीच्या पायाशी १० हर्ट्झपर्यंत सेकंदाला ३ मिमी, ५० हर्ट्झपर्यंत ती मर्यादा ३ वरून ८ पर्यंत चढते. दीर्घकाळ चालणाऱ्या कंपनांना वरच्या पातळीवर आडवा वेग २.५ मिमी. मर्यादेच्या निम्म्यावर इशारा आणि पाऊण मर्यादेवर काम थांबवणं, असं करारात लिहून घ्या.

खड्ड्यातलं पाणी उपसणं हा कंपनांपेक्षा मोठा धोका असू शकतो, विशेषतः भरावावरच्या जमिनीत. भूजल उतरलं की पाया असमान खचतो. म्हणून आवारात दोन-तीन पाणीपातळी मोजायच्या नळ्या टाका.

मनोऱ्याची तपासणी: कुलाब्यासारख्या नौदलाच्या परिसरात ड्रोनच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका. दोरीवर चढणारे प्रशिक्षित लोक परवडतात आणि दगड हाताने वाजवूनही पाहतात. पोकळ आवाज ड्रोनला ऐकू येत नाही.

गावठाणकर

विजेचं आणि आगीचं मीच जोडतो. पॅरिसच्या नोत्र दामचं छत १५ एप्रिल २०१९ ला दुरुस्ती चालू असतानाच जळालं. छताच्या पोटात वेल्डिंग आणि गॅस कटर पूर्ण बंद, अपवाद करायचा तर लेखी परवाना, शेजारी पाण्याची तयारी आणि काम संपल्यावर किमान तासभर पहारा. जुनी कापडी वेष्टणाची वायर सापडली की त्याच हंगामात बदला. मनोऱ्यावरच्या वीजरोधकाची अर्थिंग मोजा, १० ओहमच्या आत हवी.

पैशाचं कोण सांगेल?

कलम_छत्तीस

कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींची डागडुजी सीएसआरखाली (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) बसते. पण अनेक कंपन्या 'धार्मिक' म्हणून मागे सरतात. अर्जात घंटा, काच, स्मृतिशिला, अभिलेख यांचं सार्वजनिक मूल्य मांडा आणि शाळा-कॉलेजांसाठी ठरावीक दिवस खुले ठेवा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी पॅरिशवासीयांचा पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. वारसा दर्जामुळे बुडालेल्या विकासहक्काबदली टीडीआरची (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या विकासहक्काची) तरतूद आहे, पण त्यावर खर्चाचं गणित मांडू नका. हातात पडेपर्यंत तो कागदच असतो.

निविदेत सर्वांत कमी दर हाच निकष नको. आधी पात्रता, मग चौरस मीटरचा नमुना, मग दर. आकस्मिक खर्चाला किमान १५ टक्के ठेवा. छत उघडल्याशिवाय खरं चित्र कळत नाही.

रेमेडीकाठ

गिलाव्याबद्दल एक. गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकेच्या बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात उतरवला गेला, जांभा दगड उघडा पडला, आणि पावसात तो झिजतोय म्हणून पुन्हा गिलावा करावा की नाही हा वाद अजून चालू आहे. वसई-वांद्र्यातही 'दगड छान दिसतो' म्हणून गिलावा खरवडायची टूम निघते. जी भिंत गिलाव्यासाठीच बांधली ती उघडी ठेवायची नसते. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, आणि सणाआधी चुन्याचा हात मारणं ही देखभालच होती. दुधासारखा पातळ, तीन ते पाच हात, प्रत्येक हात ओलसर भिंतीवर. इमल्शनच्या निम्म्या खर्चात होतं की नाही ते गवंडी मिळतो की नाही यावर.

पन्हळ

देखभालीची वही. इंग्लंडच्या चर्चमध्ये १९५५ च्या कायद्यापासून दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाची तपासणी बंधनकारक आहे. आपल्याकडे सक्ती नसली तरी पॅरिश कौन्सिल ठराव करू शकते. वहीत किमान एवढं: मेच्या तिसऱ्या आठवड्यात पन्हळी आणि पाइप साफ, प्रत्येक पाइपमध्ये बादलीभर पाणी ओतून खाली येतं का पाहणं. जून, जुलै, ऑगस्टमध्ये मोठ्या पावसानंतर आत टॉर्च घेऊन फेरी, गळती दिसली त्या जागेवर खडूने तारीख. ऑक्टोबरमध्ये पिंपळ-वडाची रोपं.

रोप उपटायचं नाही, मूळ आत राहतं आणि दुप्पट फुटतं. कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावा, मूळ मेल्याची खात्री झाली की काढा, पोकळीत चुन्याचं पातळ ग्राउट खालून वर भरत न्या. दाबाने पंप मारला तर शेजारचे दगड सरकतात.

सॅक्रिस्टन

वही ठेवायची कुणी? पॅरिश प्रीस्टची काही वर्षांत बदली होते आणि वही कपाटात जाते.

पन्हळ

म्हणून ती फादरांच्या नावे नको, कौन्सिलच्या मालमत्ता समितीच्या नावे हवी, एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात. आणि शिडी, टॉर्च, ओलावामापक, छताच्या दाराची किल्ली एकाच पेटीत. किल्ली शोधण्यात पाऊस निघून जातो.